पथ्याच्या आड काय चाललंय, ते ओळखायचं कसं

आमच्या त्रिमूर्तीनगरात निवृत्त माणूस बारीक झाला की आधी कौतुक होतं. "काकाजी, एकदम फिट होऊन राहिले!" मी वॉर्डात सिस्टर होते, माझी नजर आधी कमरेच्या पट्ट्यावर जाते. घरीच खिळ्याने पाडलेलं नवं भोक दिसलं की मी विचारते, वजन किती होतं? सहा महिने ते वर्षभरात ७० किलोचे साडेसहासष्ट झाले असतील, तर "शुगरचं पथ्य आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. पथ्याच्या आड खाण्याचा मानसिक आजार (ईटिंग डिसऑर्डर) असू शकतो.

खरं पथ्य करणारा माणूस लग्नात थोडा वडाभात खातो, दुसऱ्या दिवशी सावरून घेतो. हा आजार असलेला लग्नालाच टाळतो, नाहीतर "घरून जेवून आलो" म्हणतो. नातवाने संत्रा बर्फी हातावर ठेवली तर भडकतो आणि संध्याकाळी अंबाझरीला दुप्पट फेऱ्या मारतो. दिवसातून अनेकदा वजनकाट्यावर चढणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडणं, पोट साफ करायचं चूर्ण भराभर संपणं, हेही बघा. आणि एप्रिलात "पंखा बंद करा, थंडी वाजते"? नागपुरात! काहींचं उलट असतं: दिवसभर उपास, रात्री चोरून डबे रिकामे. त्यांचं वजन उतरत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

डॉक्टरांनाही हे पटकन सुचत नाही. अमेरिकन मानसोपचार निकषांत २०१३ पर्यंत अनोरेक्सियासाठी, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने न खाण्याच्या आजारासाठी, पाळी थांबण्याची अट होती. मग पुरुष कुठून ध्यानात येणार?

तरी आधी शरीर तपासा. क्षय, कॅन्सर, थायरॉइड, सैल कवळी, नैराश्य, स्मृतिभ्रंश, सगळ्यांत माणूस वाळतो. शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीनेही भूक कमी होते. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत दाखवा, मानसोपचार विभाग दोन्हीकडे आहे.

विचारायचं ते एकट्यात, सुनेसमोर नाही. "जेवत का नाही?" म्हटलं की वाद होतो. "जेवायची भीती वाटते का?" असं विचारा आणि गप्प बसा. बायको गेल्यावर किंवा अटॅक येऊन गेल्यावर हे सुरू झालं का, तेही हळूच काढून घ्या.

फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम तूप-पोळी, शिरा भरवू नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयाचे ठोके बिघडतात. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील. चक्कर, पायांवर सूज, छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी दवाखाना. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.