विषारी दव: डिएंगच्या पठारावर जुलै-ऑगस्टमधला बटाटा कसा राखायचा

जुलै लागला की इंडोनेशियातल्या डिएंगच्या पठारावरचा बटाटेवाला संध्याकाळी आभाळाकडे बघतो आणि ढग दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. त्याच दिवसांत आपलेही डोळे ढगांकडे लागलेले असतात, पण ते पावसासाठी. त्याला ढग हवा असतो पांघरूण म्हणून. रात्र निरभ्र गेली, वारा पडला, की पहाटे पाल्यावर दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, बसतं. जावानीज माणसं त्याला 'बुन उपास' म्हणतात. बुन म्हणजे दव, उपास म्हणजे विष. आपल्या एकादशीशी त्याचा काही संबंध नाही, पण ज्याचं शेत त्या पहाटे सापडतं त्याच्या घरी पुढचे दोन-तीन महिने ओढाताण ठरलेलीच.

डिएंग मध्य जावात, वोनोसोबो आणि बंजारनेगारा या जिल्ह्यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर आहे. त्यातलं सेंबुंगन हे गाव सुमारे २,३०० मीटरवर वसलंय आणि जावातलं सर्वांत उंचावरचं गाव म्हणून ओळखलं जातं. 'तलागा चेबोंग' नावाचं तळं, त्याच्या काठाने घरं, आणि घरांच्या मागून थेट कड्यापर्यंत चढत गेलेले बटाट्याचे वरंबे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सात अंशांवरचा हा मुलूख, तरी इथे पाणी गोठतं. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. मे पासून कोरडा हंगाम, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हिवाळ्यातून निघालेली कोरडी हवा येऊन पोचते. हवेत बाष्प नाही, वर ढग नाहीत, मग दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री सरळ आभाळात निघून जाते.

पीक बहुतेक 'ग्रॅनोला' जातीचं, म्हणजे साधारण शंभर दिवसांचं. १९८० च्या दशकात इथे तंबाखू मागे पडला आणि बटाटा पुढे आला. आता वर्षातून दोनदा, पाणी असेल तर तीनदाही लावतात. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये कुणाचा ना कुणाचा बटाटा कोवळ्या पाल्यावर असतोच. खालचा सल्ला या दोन महिन्यांसाठी आहे. महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला किंवा निफाडचा द्राक्षवाला हे वाचत असेल तर त्याने जुलैच्या जागी डिसेंबर-जानेवारी धरावा. वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात त्यामागचं गणित हेच.

आधी आपला खोलगट ओळखा

गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि जिथे वाट अडते तिथे साचते. त्यामुळे एकाच शेतकऱ्याच्या दोन तुकड्यांपैकी उतारावरचा हिरवागार राहतो आणि वीस-पंचवीस फूट खालचा काळा पडतो. गाव किती उंच यापेक्षा शेत किती खोलगट, हे आधी बघायला हवं. डिएंगमध्ये दहिवराचे फोटो हटकून अर्जुन मंदिरासमोरच्या सपाट हिरवळीवरचे असतात, कारण ती जागा भोवतीच्या डोंगरांत ताटासारखी बसलीय. (हो, अर्जुन. इथल्या प्राचीन हिंदू मंदिरांना लोकांनी अर्जुन, भीम, घटोत्कच, सुभद्रा अशी नावं दिलीत. मराठी माणूस तिथे पोचला की आधी याच गप्पा सुरू होतात, शेतीचा विषय मागाहून निघतो.)

आपला खोलगट शोधायला यंत्र लागत नाही. पहाटे पाच वाजता बांधावरून एक चक्कर मारा. गवतावर दव जिथे सर्वांत दाट, जिथे धुकं गुडघ्याएवढ्या थरात बसलेलं, जिथे पायाला एकदम गारठा लागतो, तिथे खुंट्या ठोका. दोन-तीन निरभ्र रात्रींनंतर त्या खुंट्या जोडल्या की नकाशा तयार.

एक साधा थर्मामीटर पाल्याच्या उंचीवर टांगा, छातीच्या उंचीवर नको. निरभ्र रात्री जमिनीलगतचं तापमान माणसाच्या उंचीवरच्या तापमानापेक्षा दोन-चार अंशांनी खाली असू शकतं. बीएमकेजी ही इंडोनेशियाची हवामान संस्था अंदाज देते, तो जरूर बघावा. पण जिल्ह्याचा आकडा तुमच्या खुंट्यांमधला नसतो.

खालच्या बाजूचं कुंपण तपासा. सेंबुंगनमध्ये बांधावर 'कारिका' लावतात, म्हणजे थंडीतली बुटकी पपई. तिच्या फोडी पाकात घालून बाटलीबंद विकतात. झाड चांगलं, पैसे देणारं. पण शेताच्या खालच्या बांधावर त्याची दाट ओळ असेल तर गार हवेला ते धरण होतं. मधली दोन झाडं काढून दार करा, किंवा खालच्या फांद्या कमरेपर्यंत छाटा. वरच्या बांधावर मात्र दाट ओळ हवी. वरून येणारी गार हवा ती बाजूला वळवते.

खोलगटात काय लावायचं

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खोलगटात या दिवसांत बटाटा न लावणं. बटाट्याचा पाला उणे दोन-तीन अंशांना मरतो. कोबी, गाजर आणि पातीचा कांदा हलकं दहिवर सोसतात, आणि ही पिकं डिएंगमध्ये आधीपासून आहेत. नवं काही शिकायचं नाही, फक्त जागा बदलायची. उतारावर बटाटा, ताटात कोबी.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "कोबीला भाव नसतो." खरं आहे. पण बटाट्यात बेणं, कोंबडखत आणि औषधं धरून जो पैसा जमिनीत जातो, तो एका पहाटेवर लावायचा का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी तरी ज्या तुकड्यात तीन वर्षांत दोनदा पाला जळलाय तिथे जूनमध्ये बटाट्याचं बेणं टाकणार नाही.

खोलगटात लावायचाच असेल तर तारीख अशी धरा की जुलैच्या मध्याला पीक सत्तर दिवसांच्या पुढे गेलेलं असेल. तोवर कंद बऱ्यापैकी पोसलेले असतात. पाला गेला तरी वजन घटतं, सगळं जात नाही. तीस ते साठ दिवसांचं पीक सापडलं तर नुकसान सर्वांत मोठं, कारण तेव्हा कंद नुकते धरत असतात आणि त्यांना पोसणारा पालाच जातो.

निरभ्र रात्रीच्या आदल्या दिवशी

जमीन ही दिवसा भरणारी आणि रात्री उबवणारी चूल आहे. ओली, दबलेली माती ऊब जास्त साठवते आणि रात्री ती वर सोडते. कोरडी, भुसभुशीत माती तसं करत नाही. म्हणून पाणी दुपारी एकच्या आत द्या, म्हणजे उरलेल्या उन्हात ओली माती तापेल. संध्याकाळी दिलेल्या पाण्याचा हा फायदा मिळत नाही. डिएंगमध्ये तळ्यांतून पंपाने उचललेलं पाणी लांबलचक पाइपांतून शेतात येतं आणि पाळ्या ठरलेल्या असतात. दहिवराच्या आठवड्यात खोलगटवाल्यांना सकाळची पाळी आणि उतारावाल्यांना दुपारनंतरची, एवढं गावात बसून ठरवलं तरी पुष्कळ.

त्या आठवड्यात खुरपणी नको आणि भर लावणं, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी माती चढवणंही नको. ताजी हलवलेली माती हवेने भरते आणि ऊब धरत नाही. भर जूनअखेर उरकून घ्या, आणि चांगली उंच लावा, कारण पाला गेला तरी मातीखालचा कंद वाचवायचाय. वरंब्यावर वाळलं गवत पसरलं असेल तर ते सरीत ओढा. ते जमिनीची ऊब खाली कोंडून ठेवतं आणि वरचा पाला उघडा पडतो.

झाकायचं असेल तर शेडनेट पाल्यावर टाकू नका. बांबूच्या कामट्यांवर पाल्याच्या वर वीतभर अंतर ठेवून ताणा. जाळी जिथे पानाला टेकते तिथे पान जळतं, सकाळी त्या जागी चौकोनी काळे डाग दिसतात. संध्याकाळी ऊन कलायच्या आत झाका आणि सकाळी ऊन वर आल्यावर काढा. सबंध शेत झाकणं परवडत नाही. खुंट्यांमधला भाग झाका.

पहाटे पाणी मारायचं का?

या एका प्रश्नावर सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. एक लिटर पाणी गोठताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता सोडतं. त्याच ऊबेवर तुषार सिंचनाने पीक वाचवतात: पानावर बर्फ चढतो, पण वरून सतत नवं पाणी गोठत राहतं, त्यामुळे आतलं पान शून्याच्या फार खाली जात नाही. मात्र तेवढंच पाणी वाफ होताना जवळपास सातपट उष्णता ओढून घेतं. म्हणजे पहाटे तीनला तुषार सुरू केले आणि साडेचारला डिझेल संपलं, तर न लावलेल्या शेजाऱ्यापेक्षा तुमचं शेत जास्त जळेल. सुरू करायचं तर पाल्याजवळचा पारा एक-दोन अंशांवर असतानाच, आणि थांबायचं बर्फ वितळून गळून पडल्यावर. तेवढं पाणी आणि डिझेल नसेल तर हात लावू नका.

सूर्य उगवायच्या आत नळीने पाल्यावरचं दहिवर धुण्याची पद्धत डिएंगमध्ये आहे. बर्फ फक्त पानाच्या वर बसलेला असेल तर तिचा उपयोग होतो. पान आतून गोठलं असेल तर नाही. ओळखायचं कसं? पहाटे पान बोटांत धरून हळूच वाकवा. लवलं तर धुवा. काचेसारखं कडक लागलं आणि कडकन मोडलं तर पाणी वाया घालवू नका. असं पान उन्हं आल्यावर आधी ओलसर, गडद हिरवं होतं, नऊच्या सुमाराला शिजवलेल्या पालकासारखं लोंबतं आणि दुपारपर्यंत काळं पडतं.

धुराचं म्हणाल तर निफाडकडे थंडीच्या लाटेत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, त्यांत खरं काम आगीच्या उष्णतेचं आणि त्यामुळे ढवळल्या जाणाऱ्या हवेचं असतं. नुसत्या धुराने पाल्याची ऊब थांबत नाही. मोठा धुराडा करण्यापेक्षा बऱ्याच लहान शेकोट्या बऱ्या.

आणि रात्री शेतात जाणाऱ्यांसाठी एक सूचना, तीही डिएंगपुरतीच. हे पठार ज्वालामुखीचं आहे. फेब्रुवारी १९७९ मध्ये सिनिला विवराच्या परिसरात जमिनीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने दीडशेच्या आसपास माणसं गुदमरून मेली. तिंबांग विवराजवळ आजही हा वायू बाहेर पडतो. तोही जड असतो, तोही उतारावरून वाहत येऊन खोलगटात साचतो, आणि तोही वारा पडलेल्या पहाटेच सर्वांत धोक्याचा. म्हणजे दहिवर बघायला आपण ज्या वेळी ज्या जागी उतरतो, नेमकी तीच. त्याला वास नाही, रंग नाही. तिंबांगच्या आसपास ज्यांची शेतं आहेत त्यांनी पहाटे खोलगटात एकट्याने उतरू नये, वाकून काम करू नये, आणि तिथे मेलेला पक्षी किंवा उंदीर दिसला तर मागे फिरावं. पीक गेलं तर गेलं.

पाला काळा पडल्यावर

त्याच दिवशी दुकानात धावू नका. काळा पाला बघून करप्याचं, म्हणजे बुरशीच्या रोगाचं, औषध मारणारे पुष्कळ आहेत, आणि ते सगळे पैसे मातीत जातात. करपा पानाच्या कडेने डागांनी सुरू होतो, ओलसर हवेत खालून पांढरी बुरशी दिसते, पसरायला काही दिवस लागतात. दहिवर एका रात्रीत येतं, शेंड्याची पानं आधी जाळतं, आणि जळालेल्या भागाचा आकार तुमच्या खुंट्यांशी जुळतो.

चार-पाच दिवस थांबा. पीक चाळीस दिवसांच्या आतलं असेल आणि खोड खाली हिरवं असेल तर बगलेतून फुटवे येतात. फुटवे दिसल्यावर हलकं पाणी आणि थोडं नत्र द्या, त्याआधी युरिया नको. मुळांनी उचललेलं घ्यायला वर पानच नसतं. नव्या फुटव्यांवर नागअळीची (पान आतून पोखरणाऱ्या अळीची) माशी तुटून पडते. या माशीने १९९० च्या दशकात इंडोनेशियाच्या डोंगरी भाजीपट्ट्यात ठाण मांडलं आणि कोरड्या हंगामात ती जोरात असते. लगोलग कीटकनाशक मारलं तर तिला खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आधी मरतात. पिवळे चिकट सापळे लावा, अळीची पानं तोडा, आणि मगच औषधाचा विचार करा.

पीक सत्तर दिवसांच्या पुढचं असेल तर फुटव्यांची वाट बघू नका. मेलेला पाला कापून बाजूला करा, पाणी तोडा, आणि दहा-पंधरा दिवस कंद जमिनीतच राहू द्या म्हणजे साल घट्ट होईल. लगेच काढलेल्या बटाट्याची साल अंगठ्याने सरकते आणि असा माल बाजारात पोचेपर्यंत काळवंडतो.

काढताना वरंब्याच्या माथ्यावर उघडे पडलेले कंद वेगळ्या टोपलीत टाका. त्यांतला एखादा कापून बघा. गोठलेला असेल तर आतला गर पाणचट दिसतो आणि दाबला की पाणी सुटतं. असा एक कंद पोत्यात गेला की आठवड्यात पोतं गळायला लागतं. बेण्यासाठी खोलगटातला माल ठेवू नका, उतारावरचा ठेवा, आणि तोही ज्या शेतात सोनेरी सूत्रकृमी (मुळांना लागणारा अगदी बारीक कृमी) दिसलेला नाही तिथलाच. मुळांवर मोहरीपेक्षा बारीक पिवळे-तपकिरी मणी दिसतात, तो हाच. इंडोनेशियात तो २००३ मध्ये पूर्व जावातल्या बातूला सापडला आणि पुढे डिएंगलाही; आपल्या निलगिरीत तो १९६१ पासून आहे. त्याचे मणी मातीत वीस वर्षंही जिवंत राहतात आणि बेण्याला, कुदळीला, गमबुटाला चिकटून गावभर फिरतात. तेव्हा शेजाऱ्याच्या शेतातून परतताना बूट त्याच्याच बांधावर झाडा, आणि कुदळ धुऊनच आपल्या वरंब्यात घाला.