ससाणा-कबुतर खेळात उशीर घालताना

सांगलीत गेल्या वर्षीचा भाव बघून यंदा हळद लावतात, तसा उशीर मला ससाणा-कबुतर खेळात (भांडणारे ‘ससाणे’ आणि माघार घेणारी ‘कबुतरं’ यांचं प्रमाण कसं बदलतं, ते मांडणारं गणित) हवा होता: ससाण्यांची वाढ आजच्या नव्हे, टाऊ इतक्या काळापूर्वीच्या लाभावर ठरणारी. पायथनमधला नेहमीचा सॉल्व्हर (काळाच्या छोट्या पायऱ्यांनी समीकरण सोडवणारा प्रोग्राम) मागचं लक्षात ठेवत नाही. म्हणून जुन्या आकड्यांची यादी ठेवली, टाऊ हा पायरीच्या पूर्ण पटीत घेतला, शून्याआधीचा इतिहासही दिला (हा लोक हमखास विसरतात). तरी आलेख हेलकावे खातच राहिला! पायरी निम्मी केली, हेलकावे तसेच. मग कागदावर समीकरण समतोलाजवळ रेषीय केलं, म्हणजे तिथे ते सरळ रेषेसारखं सोपं मानलं. जिंकण्याचा लाभ 2, जखमेची किंमत 4, म्हणून समतोल 0.5 (निम्मे ससाणे), टाऊ 3.14 च्या पुढे गेला की तो डळमळतो. माझा टाऊ 4 होता. म्हणजे कोड ठीक, गणितच तसं. टाऊ 3 केल्यावर हेलकावे विरले, पण फार रेंगाळत.