फोटोशॉपमधून व्हिडिओची रंगदुरुस्ती

नाशिकच्या रामकुंडावर गोदाआरतीचे चित्रीकरण केले की दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशात पांढरी धोतरेही हळदीत बुडवल्यासारखी दिसतात. हा रंग फोटोशॉपमध्ये ताळ्यावर आणता येतो. त्यासाठी व्हिडिओतील एक नमुनेदार फ्रेम टिफ स्वरूपात काढून बॅकग्राउंड लेयर म्हणून उघडावी, तिच्यावर कर्व्ह्जची (रेषा वाकवून उजेड व रंग बदलणारी) अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे मूळ चित्राला हात न लावता बदल करणारा थर, चढवावी आणि तिच्यातील करड्या ड्रॉपरने मुळात रंगहीन असलेल्या जागेवर क्लिक करावे. घाटाचा ओला काळा पाषाण मात्र टाळावा, कारण त्यात आकाशाची निळाई आणि ज्योतींची चमक दोन्ही उतरलेली असतात. त्यापेक्षा धोतराची अतिप्रकाशाने न उडालेली घडी बरी. पिवळेपणा उरल्यास कर्व्ह्जमधील निळ्या चॅनलची रेषा मध्यभागी किंचित उचलावी. तो पूर्णपणे घालवू नये, नाहीतर आरती ट्यूबलाइटखाली झाल्यासारखी वाटते.

त्यानंतर फाइल मेनूतील एक्स्पोर्टमधून ‘कलर लुकअप टेबल्स’ निवडून क्यूब फाइल, म्हणजे कोणता रंग कशात बदलायचा याचा तक्ता, तयार करावी आणि ती दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण शॉटला लावावी. मास्क (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारे झाकण) व शार्पनिंग (कडा ठळक करणे) या फाइलमध्ये जात नाहीत. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार पांढरा रंग पांढराच दाखवणारी सोय) ऑटोवर राहिला असल्यास रंग मध्येच बदलतो. तेव्हा शॉट तिथे कापून नव्या फ्रेमवरून दुसरी क्यूब फाइल करावी.