घरी क्लच प्लेटा बदलताय? या चुका टाळा

मोटरसायकलचा क्लच स्लिप मारतोय म्हटलं की थेट उजवं कव्हर खोलायला बसणारे गावोगावी आहेत. त्यातल्या कित्येक गाड्यांना नव्या प्लेटा लागतच नाहीत. आधी लिव्हर बघा. बहुतेक १००-१२५ सीसी गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. ती नसेल तर केबल सैल करा आणि चढावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन पाहा. तरीही इंजिन नुसतं ओरडलं, गाडी पळाली नाही, तर मग खोला.

नव्या प्लेटांची सगळ्यात जास्त वाट लावतं ते चुकीचं ऑइल. ट्रॅक्टरचं उरलेलं, कारचं, नाहीतर दुकानात स्वस्त मिळालं म्हणून स्कूटरचं. आपल्या मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो (JASO, ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. एमबी म्हणजे स्कूटरचं, जास्त गुळगुळीत ऑइल. स्कूटरचा क्लच वेगळा आणि कोरडा, त्याला ते चालतं.

आर्णीकडची एक १०० सीसी गाडी घ्या. मागे तुरीची दोन पोती, रस्ता पांदणीचा. नवा सेट टाकला, आठवड्यात स्लिप. दुसरा सेट टाकला, स्प्रिंगाही बदलल्या, पुन्हा तेच. दोष कंपनीला, दोष प्लेटांना. ऑइलचा डबा मात्र कोणी फिरवून वाचला नव्हता, त्यावर एमबी होतं. दोन सेटचे पैसे गेले ते एका ओळीपायी.

दुसरी खोड घाईची. पाकिटातून काढली की कोरडीच प्लेट बसवायची. घर्षण प्लेटा, म्हणजे पकड देणारा थर असलेल्या, रात्रभर नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा, अगदीच घाई असेल तर निदान तासभर. कोरड्या प्लेटा पहिल्याच अर्ध्या क्लचला तापून काळ्या पडतात. ज्याला तेवढाही धीर नाही, त्याने गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

सोबतच्या स्टील प्लेटाही तपासा. काचेवर ठेवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, खाली सरकवा. ०.२ मिमीचं पातं खाली शिरलं किंवा प्लेट जळून निळी पडली असेल तर ती फेका. स्प्रिंगा पूर्ण सेटनेच बदला, त्या काही महाग नाहीत. बास्केटच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या वाटीच्या, बोटांवर प्लेटांच्या कडेच्या कानांनी खाचा पाडल्या असतील तर बारीक कानसेने साफ करा. खोल असतील तर बास्केटच बदला.

स्प्रिंगांचे बोल्ट एकेक करून पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. हे ६ मिमीचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतात, जोर लावला की आटे गेलेच. काही गाड्यांत प्लेटा काढायला मधला नट खोलावा लागतो. तेव्हा बास्केटमध्ये पेचकस अडकवायचा नाही, बोटं तुटतात. पकडायचं हत्यार मिस्त्रीकडून मागून आणा.

कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट जागच्या जागी टोचा. जुनं पॅकिंग पेचकसाने खरवडू नका. एक ओरखडा उठला की तिथूनच ऑइल पाझरतं. नवं पॅकिंग असताना वर सिलिकॉन फासणाऱ्यांचं काय करावं कळत नाही. आत सुटलेले तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात. कव्हर उघडलंच आहे तर ती जाळीही धुऊन घ्या.

नव्या प्लेटांनी संच जाड होतो, त्यामुळे लिव्हरची मोकळी चाल वाढते आणि गिअर खरखरतात. मग लोक केबल इतकी ताणतात की लिव्हरला चालच उरत नाही. क्लच अर्धा दाबलेलाच राहतो आणि सेट जळतो. चाल जुळवून झाल्यावर हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा बघा, केबल तिथेच ताणली जाते. इंजिन तापल्यावर आणखी एकदा बघा, आणि कव्हरखाली कोरडं फडकं फिरवून ऑइल लागतं का तेही पाहा.