मोहरीएवढे ढालकिडे: ओळखताना या चुका टाळा

जास्वंदीच्या शेंड्यावर मावा ही कीड दाटली, की त्यात कधीकधी कापसाच्या तंतूंसारखं काहीतरी पांढरं हलताना दिसतं. पहिली चूक इथेच होते. ‘पिठ्या ढेकूण आला’ म्हणून आपण फांदी छाटतो, नाहीतर निंबोळी अर्क मारतो. मीही मारला आहे. आता आधी पाच मिनिटं नुसतं बघतो. पिठ्या ढेकूण एका जागी बसून झाडाचा रस पितो. ही ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी मात्र माव्यामध्ये फिरते, एखादा मावा पकडते आणि त्याचं चिपाड करून सोडते. पांढरं दिसतं ते तिच्या अंगावरचं मेण. कात टाकली की ते जातं आणि काही तासांत पुन्हा येतं, त्यामुळे मध्येच उघडी पिवळट अळी दिसली तर ती दुसरीच कोणी समजू नका. तीन-चार मिलिमीटरची अशी अळी माव्यात सापडली, तर ती बहुधा सिम्नस गटातल्या ढालकिड्याची असते. द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचा क्रिप्टोलिमस हा ढालकिडा वेगळा: त्याची अळीही अशीच पांढरी, पण वाढल्यावर सेंटीमीटरभराहून लांब होते आणि ती पिठ्या ढेकणाच्या मागे असते.

किडा कुठला ते ओळखायला अळ्या घरी वाढवायच्या, तर एका डबीत एकच ठेवा. मावा कमी पडला की त्या एकमेकींना खातात. डबीला मलमलीचं झाकण, रोज ताजी डहाळी, आणि आत पाण्याचे थेंब साचू द्यायचे नाहीत, नाहीतर बुरशी येते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो किडा कोषातून बाहेर पडतो त्या दिवशी. हौसेने लगेच फोटो काढला जातो आणि फिकट पिवळ्या, बिनठिपक्यांच्या किड्याला भलतंच नाव मिळतं. कोषातून निघालेला कुठलाही ढालकिडा मऊ आणि फिकटच असतो. आपल्याकडचा नेहमीचा नागमोडी काळ्या पट्ट्यांचा चिलोमिनससुद्धा आधी कोरा पिवळा दिसतो, नक्षी काही तासांनी उमटते. छोट्या तपकिरी किड्यांत तर रंगाच्या छटेवरच सगळी मदार ठेवली जाते, म्हणून दोन-तीन दिवस मावा खाऊ घाला आणि मगच बघा. रिकामा कोष आणि कात फेकू नका.

अंगावर बारीक लव दिसली की ‘हा वांग्यावरचा, पानं खाणारा’ असा निकाल देणारेही भेटतात. वांग्यावरच्या अठ्ठावीस ठिपक्यांच्या किड्याला लव असते हे खरं, पण तो सहा-सात मिलिमीटरचा. सिम्नसलाही लव असते आणि तो दीड ते अडीच मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीचा दाणा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला, तर हा वाद होतच नाही.

पुढची चूक अभ्यासूंची. सिम्नसच्या अनेक जाती वरून सारख्याच दिसतात. खात्रीने जात ठरवायची, तर नराचे जननावयव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. फोटोवरून ‘सिम्नस’ एवढंच लिहून थांबायला कमीपणा वाटायचं कारण नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने भारतीय ढालकिड्यांची छायाचित्रं संकेतस्थळावर ठेवली आहेत. ती चाळायला जरूर घ्या, पण फक्त चित्राशी चित्र जुळवून जात ठरवू नका. नमुना ठेवायचा असेल, तर तो 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि चिठ्ठीवर तारीख, गाव, झाड आणि शक्य असेल तर माव्याचा प्रकार लिहा. ‘चवळी, काळा मावा’ एवढी नोंदही पुढे तज्ज्ञाच्या कामी येते.

आणि ढालकिडा निघालाच नाही तर? लगेच आपण उपाशी मारलं असं समजू नका. अळी ताठ, काळपट, फुगीर होऊन चिकटून राहिली आणि नंतर तिच्या अंगावर गोल भोकं दिसली, तर आतून इवल्याशा परजीवी गांधीलमाश्या निघाल्या आहेत. होमॅलोटायलस नावाच्या अशा माश्या ढालकिड्यांच्या अळ्यांवरच जगतात. त्याही डबीतच सापडतील. त्याच चिठ्ठीसकट वेगळ्या बाटलीत ठेवा.