गोळ्या चुकल्या की आधी झोपेचं विचारा

टीबीच्या पेशंटच्या घरी गोळ्यांचा पाठपुरावा करायला मी बारा वर्षं जाते आहे. गोवंडीच्या गल्ल्यांत सुरुवात केली तेव्हा दारातच माझा पहिला प्रश्न असायचा, "डोस का चुकवला?" आता तो मी शेवटी विचारते, आधी मन खचलंय का ते बघते. या कामात नव्याने आलेल्या मुलींना, आशाताईंना आणि घरात टीबीचं माणूस असलेल्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

आधी बसा. उंबऱ्यात उभं राहून मनातलं बोलणं निघत नाही. खिडकी-दार उघडं ठेवा, मास्क लावा आणि विचारा, "झोप लागते का? मध्येच जाग येते का?" झोपेचं सांगायला कुणी लाजत नाही. मग दोन गोष्टी: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागेनासं झालंय का, आणि उदास, हताश वाटतं का. "बहुतेक दिवस" असं उत्तर आलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि हे दर महिन्याला विचारा. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत ताप, खोकला जातो, घरचे म्हणतात झाला बरा, आणि नेमका तिथून पुढे माणूस एकटा पडतो.

एका मुलीचं सांगते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा, निघाला आणि सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. माहेरीही तिचं ताट, तांब्या, पेला वेगळा. कुणी चुकून उचलू नये म्हणून पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. तीन भेटी मी फक्त गोळ्यांवर बोलले. चौथ्या वेळी भिंतीवरचा आरसा उलटा लावलेला दिसला. तिला क्लोफाझिमीन चालू होतं, त्याने कातडी काळपट पडते. ती तेवढीच गोळी बाजूला काढून मोरीत टाकत होती. रंग जातो, औषध संपल्यावर हळूहळू उतरतो, काही महिने, कधी त्याहून जास्त लागतात, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्याची टोचणी मला अजून आहे. त्या दिवशी बाहेर ओट्यावर बसून मी तिच्याच पेल्यात पाणी मागितलं आणि तिच्या आईसमोर प्यायले. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही, हे दहा वेळा सांगण्यापेक्षा ते एकदा केलेलं बरं. तर औषध सुरू होतानाच सांगा: रिफाम्पिसिनने लघवी केशरी होईल, क्लोफाझिमीनने रंग बदलेल, घाबरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मन बिघडलं ते दुःखाने की औषधाने, हे बघायला डॉक्टर लागतो, पण संशय आपल्याला आधी यायला हवा. एमडीआरच्या लांबच्या कोर्समध्ये सायक्लोसेरीन असतं. त्याने माणूस खचू शकतो, भ्रमही होऊ शकतात. एक शांत स्वभावाचे काका अचानक म्हणायला लागले की शेजारी भिंतीआडून त्यांच्यावरच बोलतात. घरच्यांनी अंगारा लावला, चार दिवस गेले. असं काही दिसलं, आवाज ऐकू येतात म्हणाला, झटका आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आयसोनियाझिड या टीबीच्या नेहमीच्या गोळीनेही क्वचित असं होतं. पण टीबीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. कमी करायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील.

मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाताना टीबीचं कार्ड आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घ्या. रिफाम्पिसिनमुळे मनाच्या आजाराच्या बऱ्याच औषधांचा असर कमी होतो. एमडीआरच्या लिनेझोलिड या गोळीबरोबर सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटीनसारखी उदासीवरची औषधं धोक्याची ठरू शकतात: थरथर, घाम, ताप, गोंधळ. बेडाक्विलिन ही एमडीआरचीच गोळी घेणाऱ्याला ईसीजीवर नजर ठेवावी लागते, कारण मनाच्या काही औषधांचाही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या माहीत हव्यात. ते काम बहुतेक वेळा आपल्यालाच करावं लागतं.

मरणाचं सरळ विचारा. "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस रडून मोकळा होतो. "हो" म्हणाला तर एकटं सोडू नका. गोळ्यांचा साठा घरच्यांच्या ताब्यात द्या, एका वेळी एकाच दिवसाच्या गोळ्या त्याच्या हातात. काय करायचं ते ठरवून बसला असेल तर थेट सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मी तो कार्डाच्या मागे पेनाने लिहून देते.

दारू पिणाऱ्याला हिणवू नका. त्याच्या लिव्हरला टीबीच्या गोळ्यांबरोबर दारू झेपत नाही हे सांगा, आणि व्यसनाच्या उपचाराला सोबत जा.

आणि पैशाचं विचारा. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला सरकार खाण्यापिण्यासाठी देतं ते, महिन्याला 1000 रुपये नोव्हेंबर 2024 पासून मिळतात, त्याआधी 500 होते. ते अडकले असतील तर पासबुक घेऊन त्याच्याबरोबर बँकेत जा. एका हमाल भावाची झोप अशीच परत आली. रोजची मजुरी बुडत होती, भाडं थकलं होतं, आणि खात्याला आधार जोडलेलं नव्हतं.