लष्करी स्केल मॉडेलसाठी इतिहासाशी जुळणारा रंग कसा ठरवावा

मॉडेलला रंग लावण्याआधी ते वाहन कोणत्या सालातले, कोणत्या आघाडीवरचे आणि शक्य झाल्यास कोणत्या तुकडीचे दाखवायचे आहे, हे पक्के करावे. जर्मन रणगाड्यांचेच पाहा. १९३७ पासून ते गडद करडा आणि गडद तपकिरी अशा दोन रंगांत असत. १९४० च्या उन्हाळ्यात तपकिरी बंद होऊन केवळ करडा, म्हणजे आरएएल या जर्मन रंगमानकातला आजचा क्रमांक ७०२१, उरला. आणि फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळा, म्हणजे डुंकेलगेल्ब, हा मूळ रंग झाला. त्यावरचे हिरवे व तांबूस तपकिरी पट्टे मारण्यासाठीचा रंग तुकड्यांना घट्ट लगद्याच्या रूपात मिळे आणि सैनिक तो पेट्रोल किंवा पाणी, जे हाताशी असेल ते घालून पातळ करत. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या दोन रणगाड्यांवरही छटा वेगळी दिसू शकत असे. अचूकतेचा आग्रह धरताना हे लक्षात ठेवावे की आपल्याला छटांचा एक पट्टा गाठायचा आहे आणि त्या पट्ट्याबाहेर जायचे नाही.

पुराव्यांत माझ्या मते पहिला मान त्या काळच्या आदेशांना आणि रंगमानकांना द्यावा, छायाचित्रांना त्यानंतरचा. कृष्णधवल छायाचित्रे तर सरळसरळ फसवतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जाणवत नाही, म्हणून ब्रिटिश विमानांच्या गोल चिन्हातले पिवळे कडे तिच्यावर काळपट आणि निळे फिके उमटते. हे ठाऊक नसेल तर माणूस भलताच निष्कर्ष काढून बसतो. संग्रहालयात उघड्यावर ठेवलेली वाहनेही पुन्हापुन्हा रंगवली जातात. अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम कोल्हापूरकराने अवश्य पाहावे, पण तिथे वेल्डिंगचे सांधे, साखळ्या आणि प्रमाण यांचा अभ्यास करावा. रंगाचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

मानकाचा प्रत्यक्ष नमुना डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही, कारण मोबाइलच्या पडद्यावरचा रंग प्रत्येक पडद्यागणिक बदलतो. इथे आपल्या कोल्हापूरची सोय मोठी आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पावडर कोटिंगची कामे चालतात आणि त्या धंद्यात आरएएलचे शेड कार्ड लागतेच. विनंती केली तर ते पाहायला मिळू शकते. त्यात ७०२१ आणि ६००३, म्हणजे त्या पट्ट्यांचा हिरवा, सापडतील, मात्र ७०२८, म्हणजे डुंकेलगेल्ब, आजच्या कार्डात नाही. त्यासाठी मॉडेलच्या रंग कंपन्यांच्या बाटल्यांची आपसांत तुलना करावी लागते. अमेरिकी रंगांसाठी फेडरल स्टँडर्ड ५९५ (हे २०१७ मध्ये अधिकृतपणे रद्द झाले) आणि ब्रिटिश रंगांसाठी बीएस ३८१सी ही मानके आहेत. त्यांपैकी अमेरिकी मानक १९५६ चे आहे, म्हणून त्यातला क्रमांक दुसऱ्या महायुद्धातल्या रंगाचा जवळचा पर्याय असतो, तोच रंग असे मानू नये.

आता मिश्रण. अमेरिकी ऑलिव्ह ड्रॅब हिरवा दिसत असला तरी तो मुळात पिवळी माती आणि काळा यांच्या मिश्रणातून आलेला रंग आहे, आणि हे एकदा हाताने करून पाहिले की रंग समजू लागतो. औषधाच्या झाकणात यलो ऑकर घ्यावा, काडीच्या टोकाने काळा थेंब-थेंब मिसळत जावे. पहिल्या थेंबाला पिवळा मळकट होतो, पुढे अचानक हिरवट झाक उमटते आणि आणखी काळा घातला की ती झाक विझून नुसता गडद तपकिरी-करडा उरतो. आपले ठिकाण त्या मधल्या टप्प्यात आहे. सरावासाठी दुकानात सहज मिळणारे ॲक्रिलिक चालतात, पण त्यांचे रंगकण जाड असल्यामुळे एअरब्रश तुंबतो, तेव्हा प्रत्यक्ष मॉडेलवर त्यासाठीचेच रंग वापरावेत.

ओल्या रंगावर कधीही निर्णय घेऊ नये. ॲक्रिलिक वाळल्यावर बहुधा गडद होतो. उद्यमनगरातला गाड्यांचा चांगला पेंटर जसा आधी पत्र्याच्या तुकड्यावर शेड मारून वाळू देतो, तसेच आपणही प्लॅस्टिकच्या पट्टीवर मॉडेलचाच प्रायमर मारून, त्यावर रंग आणि शेवटचे वार्निशही लावून पाहावे, कारण चकचकीत वार्निशखाली रंग गडद आणि मॅटखाली फिका भासतो. पट्टी सकाळच्या सावलीतल्या उजेडात, उत्तरेकडच्या खिडकीजवळ नमुन्याला टेकवून पाहावी. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग बाहेर आल्यावर वेगळे दिसतात, हा रंगद्रव्यांच्या फरकाचा परिणाम आहे आणि तो टाळायचा तर दोन्ही उजेडांत पाहावेच लागते.

मानकाशी जुळलेला रंग छोट्या मॉडेलवर गरजेपेक्षा गडद वाटतो. म्हणून १:४८ (मूळ वाहनाच्या ४८ पट लहान मॉडेल) साठी साधारण १० टक्के आणि १:७२ साठी १५ टक्के फिका करण्याचा प्रघात आहे. मी तरी त्यासाठी पांढऱ्यापेक्षा फिकट करडा किंवा बफ, म्हणजे फिकट पिवळसर तपकिरी, घालतो, कारण शुद्ध पांढऱ्याने हिरवा रंग खडूसारखा होतो. पुढे वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंगाचा हात, द्यायचा असेल तर तो रंग पुन्हा गडद करणार, याचाही हिशेब आताच धरावा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत लॅकर फवारला तर पृष्ठभाग पांढरट पडतो आणि जुळवलेली छटा वाया जाते, म्हणून उघडीप मिळेपर्यंत थांबावे. जमलेल्या मिश्रणाचे थेंबांचे प्रमाण पट्टीच्या मागे लिहून ठेवावे आणि उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावा. डिकल, म्हणजे चिन्हांचे पातळ चिकटचित्र, लावताना कुठे ओरखडा पडला तर दुरुस्तीला तोच लागतो.